कोल्हापुरीचं चामडं पिकतं कुठे?

अंबाबाईच्या दर्शनाला आलेला माणूस चप्पल लाईनमध्ये एक फेरी मारतोच. जवाहरनगरकडे मात्र कुणी फिरकत नाही. ओल्या कातड्याचा आणि चुन्याचा वास, दुसरं काय! पण खरी कोल्हापुरी सुरू होते ती कातडं कमावणाऱ्या अशा वस्तीतच.

आधी चुन्याच्या हौदात भिजवून केस आणि मांस खरवडून काढायचं, मग बाभळीच्या सालीचं पाणी पाजायचं. पुढचं काम बघण्यासारखं असतं. कातड्याच्या कडा शिवून त्याचीच पिशवी करतात, ती उंच टांगतात आणि आत कुटलेली साल, हिरडा नि पाणी भरतात. तांबूस अर्क कातड्यातून पाझरत खाली जमतो. तोच उपसून पुन्हा वर ओतायचा. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची, म्हणजे दुसरं टोकही तितकंच पिकतं. सगळं मिळून महिना-दीड महिना जातो. क्रोमच्या क्षारांनी कातडं कमावणाऱ्या कारखान्यात हेच काम काही दिवसांत उरकतं.

ढोर-कक्कय्या समाजातल्या घरांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली. तिथून चामडं सुभाषनगरसारख्या वस्तीत चप्पल करणाऱ्यांकडे जातं. तळ कापायचा पुरुषांनी, वेण्या बहुतेक बायकांच्या हातच्या. अस्सल जोडात खिळा नसतो, शिलाई चामड्याच्या वादीची.

2015 च्या कायद्याने राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली आणि तळाच्या जाड कातड्याची चणचण वाढली. भिस्त म्हशीच्या कातड्यावर आणि चेन्नईहून येणाऱ्या मालावर.

2019 मध्ये महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून कोल्हापुरीचं भौगोलिक मानांकन मिळालं. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या मंचावर तसलीच चप्पल आणली, कोल्हापूरचं नाव न घेता. ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय मुळाची कबुली दिली आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला: 2,000 जोड, प्रत्येकी सुमारे 800 युरो. चांगलंच झालं. पण या सगळ्या गाजावाजात बोललं गेलं ते डिझाइनबद्दल. सालीत हात रापवणाऱ्याची आठवण कितीजणांना झाली?

चप्पल लाईनमध्ये जोड घेताना तळाची कापलेली कड बघा. आत निळसर-राखी छटा दिसली तर चामडं क्रोमचं. आरपार तपकिरी असेल तर झाडाच्या सालीत पिकलेलं. दुकानदाराला सरळ विचारलं तरी चालतं, जाणता असेल तर तोच कड वाकवून दाखवेल.