आमरस, हळद आणि ‘पेट्रोल वॉश’

लग्नसराई ओसरली की दहिसरच्या लॉन्ड्र्यांत शालू, शेरवान्या आणि सुटांचे गठ्ठे येऊन पडतात. नॅशनल पार्कात उगम पावलेली नदी इथूनच वाहते, पण या मानकऱ्यांना पाणी सोसत नाही. लोकर आटते, रेशमाचा रंग उतरतो. मग लॉन्ड्रीवाला म्हणतो, ‘‘पेट्रोल वॉश करू.’’

हे पेट्रोल स्कूटरमधलं नव्हे हं! छोट्या दुकानांत बहुधा असतं ते मिनरल टर्पेंटाइन, म्हणजेच एमटीओ. रंगारी ऑइलपेंट पातळ करायला वापरतात, त्याच जातीचं. आपल्या माहुलच्या रिफायनऱ्यांतही ते बनतं आणि साधारण १४५ ते २०५ अंशांच्या दरम्यान उकळतं. परदेशात एकेकाळी खरोखरच पेट्रोलने कपडे धुवत आणि दुकानं पेटत. मग १९२०च्या दशकात अटलांटाच्या स्टॉडर्ड यांनी चटकन भडका न उडणारं द्रावण पुढे आणलं. एमटीओ त्याचंच भावंड.

मोठ्या मशिनांत अनेकदा ‘पर्क’ असतं, म्हणजे परक्लोरोइथिलीन. ते पेटत नाही आणि पाण्याच्या दीडपटीहून जड असतं. १२१ अंशांना उकळून त्याची वाफ थंड केली की मळ मागे राहतो आणि तेच द्रावण पुढच्या कपड्यांना. थोडक्यात, तुमचा ब्लेझर ज्यात बुडतो त्यात आधी साऱ्या गल्लीचे ब्लेझर बुडून गेलेले असतात. पॉलिस्टायरीनची बटणं मात्र पर्कमध्ये चक्क विरघळतात. शिवाय त्याच्यावर कर्करोगाचा संशय आहे. म्हणून दहा वर्षांत ते ड्रायक्लीनिंगमधून हद्दपार करायचं, असं अमेरिकेने डिसेंबर २०२४मध्ये ठरवलं. कपडे घरी आले की प्लॅस्टिकचं कव्हर काढून वाऱ्यावर टांगा, ते याचसाठी.

गंमत बघा, फॅरेडेने पर्क पहिल्यांदा बनवलं १८२१मध्ये, आणि न्यूयॉर्कच्या थॉमस जेनिंग्ज या कृष्णवर्णीय शिंप्याला कपडे साफ करण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं तेही १८२१मध्येच. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही! १८३६च्या आगीत पेटंट ऑफिस जळालं आणि जेनिंग्जची कृती त्यात गेली.

आता डाग. तूप, तेल, लिपस्टिक या द्रावणांत सहज सुटतात. घाम आणि आमरस नाही! साखर आणि मीठ पाण्याचे सोबती. आमरसाचा फिकट डाग तसाच राहिला आणि वर गरम इस्त्री फिरली, की साखर करपून डाग तपकिरी होतो. म्हणून कपडा देताना काय सांडलंय ते लाजू नका, सांगून टाका. हळद तर नाटकीच. साबण लागला की लाल होते, तो निघून गेला की पुन्हा पिवळी. तिला उतारा म्हणजे कडक ऊन. पण रेशमावर तो करू नका, हळदीआधी शालूच विटेल.

आणि कपड्यावरची ती चिंधी-चिठ्ठी? पूर्वी परीट बिब्ब्याच्या रसाने खूण करत. ती कितीही धुतली तरी जात नसे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर नेमकी त्या खुणेखाली खाज सुटू लागली आणि १९४३मध्ये तिकडच्या वैद्यकीय नियतकालिकात या विकाराची नोंद झाली, तीही आपल्या धोब्याच्या नावाने.