नवा फोन घ्यायचाय? आधी घरातला सर्वांत जुना फोन बघा

सणासुदीला दीक्षितपुऱ्यातून बड्या फुहाऱ्याकडे निघालात, की बाजारात पाय ठेवायला जागा नसते. कपडे, भांडी, दागिने यांच्या यादीत आता नवा फोनही असतो. हातातला फोन तीन-चार वर्षांचा असतो, चालतही असतो. पण नव्या मॉडेलची जाहिरात पाहिली की तो एकाएकी जुना वाटायला लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या आयफोन १७ ची किंमत भारतात ८२,९०० रुपयांपासून सुरू झाली. त्याच वर्षी जानेवारीत आलेल्या सॅमसंग गॅलेक्सी एस२५ अल्ट्राची सुरुवात १,२९,९९९ रुपयांपासून होती. एवढी रक्कम मोजण्याआधी काही गोष्टी तपासून घ्या.

बिघाड फोनमध्ये की बॅटरीत?

जबलपुरात राइट टाऊनला टेलिकॉम फॅक्टरी आणि रिज रोडवर टेलिकॉम प्रशिक्षण संस्था. त्यामुळे तुमच्या ओळखीत टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेलं कुणीतरी असेलच. तक्रार आली की खात्यातली माणसं आधी पाहायची, की बिघाड यंत्रात आहे की लाइनमध्ये. मोबाइललाही हाच प्रश्न विचारा.

'फोन म्हातारा झाला' असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा फक्त बॅटरी थकलेली असते. आयफोन १४ आणि त्याआधीच्या मॉडेलांची बॅटरी ५०० वेळा पूर्ण चार्ज होईपर्यंत ८० टक्के क्षमता टिकवेल, असं ॲपलचं गणित आहे. आयफोन १५ पासून ते १,००० वर गेलं. शिवाय ॲपलच्याच सांगण्यानुसार फोन ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरावा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो आणि उष्णतेने बॅटरी लवकर झिजते. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ पाहा. आकडा ८० च्या खाली असेल, तर कंपनीच्या सेवा केंद्रात बॅटरी बदलण्याचा खर्च विचारा. तो नव्या फोनच्या किमतीपुढे फारच कमी असतो. फोन संथ झाला असेल, तर स्टोरेजही बघा. कितीतरी वेळा व्हॉट्सॲपवर साचलेले 'सुप्रभात' आणि लग्नांचे व्हिडिओ काढले की काम भागतं.

अपडेट कुठवर मिळणार?

फोन बदलण्याचं खरं कारण हे आहे. कंपनी सुरक्षा अपडेट देणं थांबवते, तरी फोन चालूच राहतो, म्हणून धोका लक्षात येत नाही. नव्याने सापडलेल्या त्रुटी मात्र त्यात तशाच उघड्या राहतात.

गुगलने पिक्सेल ८ पासून (२०२३) आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून (२०२४) आपल्या महागड्या फोनना सात वर्षं अपडेट देण्याचं वचन दिलं आहे. पण ही वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. एस२४ तुम्ही २०२६ मध्ये स्वस्तात घेतला, तर हाती पाचच वर्षं उरतात. आयफोनमध्ये २०१८ चे एक्सएस आणि एक्सआर २०२५ च्या आयओएस २६ मधून वगळले गेले. ॲप्सही जुन्या सिस्टिमला सोडून देतात. ५ मे २०२५ पासून आयओएस १५.१ पेक्षा जुन्या सिस्टिमवर व्हॉट्सॲप चालत नाही.

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीखाली शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती वर्षभरापूर्वीची असेल आणि नवं अपडेट येतच नसेल, तर बदलाचा विचार जरूर करा.

मोठ्या आकड्यांना भुलू नका

गॅलेक्सी एस२३ अल्ट्राचा कॅमेरा २०० मेगापिक्सेलचा म्हणून गाजला. पण नेहमीच्या सेटिंगमध्ये तोही फोटो काढतो १२ मेगापिक्सेलचाच, आणि तुम्ही तो व्हॉट्सॲपवर पाठवलात की आणखी आक्रसतो. रात्रीचे फोटो, दूरचं टिपणं, व्हिडिओ हे तुमचं रोजचं काम असेल तर महाग कॅमेऱ्याचे पैसे वसूल होतात. नातवंडांचे आणि गणपतीचे फोटो काढायला तीन वर्षांपूर्वीचा चांगला फोन पुरतो.

'नो कॉस्ट' हप्त्याचंही तसंच. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. क्रेडिट कार्डावर प्रोसेसिंग फी आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी लागू शकतो. रोख घेतला तर किती सूट, हे दुकानदाराला आधी विचारा.

जुना फोन कुणाला मिळणार?

आता सगळ्यांत महत्त्वाचं. आपल्या घरांत फोन वरून खाली उतरत जातात. मुलाने नवा घेतला की त्याचा जुना बाबांना, बाबांचा आईला, आणि आईचा आजीला. म्हणजे घरातला सर्वांत जुना, अपडेट बंद झालेला फोन नेमका अशा माणसाच्या हाती येतो, ज्याला फसवा मेसेज ओळखणं सर्वांत अवघड जातं. त्याच फोनवर पेन्शनचं खातं असतं, भाजीवाल्याला यूपीआयने पैसेही त्यावरूनच जातात.

तेव्हा एखाद्या संध्याकाळी घरातले सगळे फोन एकत्र ठेवा. प्रत्येकाचं मॉडेल, ते बाजारात आल्याचं वर्ष आणि शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख कागदावर लिहा. बहुतेक घरांत दिसेल, की नव्या फोनची गरज ज्याला हवासा वाटतोय त्याला नाही, आईला किंवा आजीला आहे. मग तुमच्या फोनला नवी बॅटरी आणि त्यांना पुढची चार-पाच वर्षं अपडेट मिळणारा मधल्या किमतीचा फोन, एवढं करून ८२,९०० मधले बरेच पैसे शिल्लक राहतील.

वापरलेला फोन घेणार असाल, तर बिल मागा आणि पैसे देण्याआधी सरकारच्या 'संचार साथी'वर त्याचा आयएमईआय क्रमांक तपासा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथे कळतं. स्वतःचा फोन विकताना गुगल किंवा ॲपलच्या खात्यातून बाहेर पडून फॅक्टरी रीसेट करा. घरातच द्यायचा असेल तरीही हे कराच, आणि आईचं यूपीआय तिच्या सिमवर शेजारी बसून सुरू करून द्या.

कागदावरच्या यादीत तुमचाच फोन सर्वांत जुना निघाला, त्याचे अपडेट संपलेले असले आणि खिशाला परवडत असेल, तर खुशाल नवा घ्या.