भुकटीलाही ‘पाणी’ देतात!

मुलांनो, ऊसतोडीच्या आधी गावातल्या लोहाराकडं एकदा चक्कर मारा. कोयत्यांचा ढीग पडलेला असतो. लोहारकाका कोयता लालबुंद तापवतात, ऐरणीवर ठोकतात आणि शेवटी त्याची धार पाण्यात बुडवतात. चर्रर्र! याला म्हणतात कोयत्याला पाणी देणं. तोच कोयता तापवून राखेत सावकाश निवू दिला, तर धार मऊ पडते. पोलाद तेच, कोळसा तोच. फरक फक्त निवण्याच्या वेगाचा!

अशीच गंमत एका काळपट भुकटीची आहे. तिचं नाव कॉपर फेराइट. तांब्याचा १ अणू, लोखंडाचे २ आणि ऑक्सिजनचे ४, असा तिचा हिशेब. फेराइट म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडपासून बनलेले चुंबकीय पदार्थ. जुना ट्रान्झिस्टर उघडला तर आत तारेचे वेढे दिलेली काळी कांडी दिसते ना, ती फेराइटचीच. आपल्या कोल्हापुरात १९६२ साली शिवाजी विद्यापीठ सुरू झालं. तिथल्या पदार्थविज्ञान विभागात प्रा. बी. के. चौगुले यांच्यासारख्या संशोधकांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी फेराइटवर वर्षानुवर्षं काम केलं आहे.

आता या भुकटीच्या आत डोकावू या. मिठाचा खडा भिंगाखाली धरलात तर तो चौकोनी दिसतो, कारण त्यातले अणू चौकोनी डब्यांसारखे शिस्तीत रचलेले असतात. कॉपर फेराइटच्या एका डब्यात ऑक्सिजनचे ३२, लोखंडाचे १६ आणि तांब्याचे ८ अणू असतात. लोखंड आणि तांब्याला बसायला दोन प्रकारच्या खोल्या. एकीला ऑक्सिजनचे ४ शेजारी, दुसरीला ६.

भट्टीतून काढलेली भुकटी सावकाश निवली, तर जवळजवळ सगळं तांबं सहा शेजाऱ्यांच्या खोल्यांत जाऊन बसतं. आणि तिथं त्याची एक खोड दिसते बरं का! ते वरच्या आणि खालच्या शेजाऱ्याला जरा लांब ढकलतं. सगळ्याच तांब्यांनी एकाच दिशेनं ढकललं की अख्खा डबा उभट होतो, रुंदीपेक्षा साधारण ६ टक्क्यांनी उंच. अशा ढकलाढकलीचं कारण यान आणि टेलर या शास्त्रज्ञांनी १९३७ साली सांगितलं. पण भुकटी ८००-९०० अंश सेल्सिअसला तापवून झटकन निववली, तर काही तांबं चार शेजाऱ्यांच्या खोल्यांतच अडकतं. जागा बदलायला वेळच मिळत नाही! मग डबा चौरस ठोकळ्यासारखा राहू शकतो.

‘डबा उभा की चौरस, आपल्याला काय त्याचं?’ असं म्हणाल. पण इथंच चुंबकाची रस्सीखेच आहे. चार शेजाऱ्यांच्या खोल्यांतलं लोखंड एका बाजूला ओढतं, सहावाल्या खोल्यांतलं विरुद्ध बाजूला. सावकाश निवलेल्या डब्यात सामना ८ विरुद्ध ८. बरोबरी! उरते ती फक्त तांब्याची किरकोळ ओढ. आता समजा, एक तांबं चारवाल्या खोलीत अडकलं. तिथल्या एका लोखंडाला पलीकडं जावं लागलं. सामना झाला ७ विरुद्ध ९. म्हणून झटकन निववलेली भुकटी जास्त जोरानं चुंबकाकडं ओढली जाते.

या ओढीचा उपयोग आहे. इचलकरंजीच्या कापड कारखान्यांचं रंगीत पाणी आणि पंचगंगेचं प्रदूषण, या बातम्या तुमच्या घरीही वाचल्या जातात. पाण्यातला रंग काढायला कॉपर फेराइट वापरून पाहण्याचे प्रयोग जगभरच्या प्रयोगशाळांत चालतात. रंग भुकटीला चिकटला की चुंबक लावून भुकटी बाजूला ओढायची. पण ओढच कमी पडली तर भुकटी पाण्यातच राहील, म्हणजे आगीतून फुफाट्यात!

शिवाय रंग चिकटायला पृष्ठभाग भरपूर लागतो. त्यासाठी कण अगदी बारीक, नॅनो आकाराचे करतात. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे १ नॅनोमीटर. १ मिलिमीटरच्या ठोकळ्याचे २० नॅनोमीटरचे तुकडे केले, तर त्यांचा एकूण पृष्ठभाग वर्तमानपत्राच्या दीडेक पानाएवढा होतो! असे कण करण्याची एक रीत फार मजेची आहे. तांबं आणि लोखंड यांचे नायट्रेट क्षार सायट्रिक आम्लाबरोबर पाण्यात विरघळवून आटवतात. काकवीसारखा घट्ट लगदा होतो. आणखी तापवला की तो आपोआप पेट घेतो आणि मागं फुसफुशीत भुकटी उरते. (हे घरी मुळीच करायचं नाही! विषारी धूर निघतो.)

ही भुकटी मग भट्टीत भाजतात, आणि खरी पंचाईत इथं. कमी भाजली तर अणूंची रचना कच्ची राहते, नुसतं कॉपर ऑक्साइडही अनेकदा मागं उरतं. जास्त भाजली तर बारीक कण पावसाळ्यातल्या गुळासारखे एकमेकांना चिकटून मोठे होतात. पृष्ठभाग गेला!

भुकटी नीट भाजली का, हे क्ष-किरण सांगतात. क्ष-किरण स्फटिकावर पडून ठरावीक कोनांत परततात आणि आलेखावर डोंगर उमटतात. कण बारीक असले तर डोंगर पसरट, मोठे झाले तर टोकदार. आणि डबा उभट झाला असेल तर काही डोंगरांचे दोन-दोन डोंगर होतात.

म्हणून प्रयोगवहीत भट्टीचं तापमान आणि भाजण्याचे तास लिहून भागत नाही. भट्टी बंद करून भुकटी रात्रभर आतच ठेवली, की चिमट्यानं लगेच बाहेर काढून निववली, हेही लिहावं लागतं.