परक्या देशातला सव्वा महिना

प्रसूतीच्या महिनाभर आधी आमच्या हेगमधल्या घरी खाट उंच करण्याचे चार ठोकळे आले. बाळंतिणीची खाट जमिनीपासून निदान ७० सेंटिमीटर उंच हवी, असा नेदरलँड्समध्ये दंडक आहे. तो बाळंतिणीसाठी नाही. तिची शुश्रूषा करायला घरी येणाऱ्या बाईची पाठ वाकून वाकून दुखू नये, म्हणून तो केलेला आहे. पुण्याहून आलेली माझी आई ते ठोकळे निरखून म्हणाली, "तुझ्या वेळच्या मालिशवाल्या मावशी जमिनीवर पाय पसरून बसायच्या. त्यांच्या पाठीचा विचार कुणी केला होता का गं?"

परदेशी वाढणाऱ्या भारतीय मुलांविषयी आपण बोलतो ते बहुधा त्यांची भाषा, सण, शाळा यांविषयी. माझा अनुभव असा, की खरा प्रश्न त्याच्या फार आधी, पहिल्या सव्वा महिन्यातच दारात उभा राहतो. बाळाला कसे झोपवायचे, कधी उठवायचे, कशाने न्हाऊ घालायचे, याची दोन पक्की शास्त्रे एकाच खोलीत समोरासमोर येतात.

क्रामझोर्ख : सरकारमान्य बाळंतपण

डच भाषेत बाळंतपणाशी संबंधित बहुतेक शब्द 'क्राम'पासून सुरू होतात. बाजारातल्या कापडी छताच्या दुकानालाही क्राम म्हणतात. पूर्वी बाळंतिणीच्या खाटेभोवती पडदे लावत, त्यावरून हा शब्द बाळंतपणाला चिकटला असे सांगतात. आपली अंधारी, वारा न लागणारी बाळंतिणीची खोली आठवावी.

'क्रामझोर्ख' म्हणजे प्रसूतीनंतर घरी मिळणारी शुश्रूषा. साधारण आठ दिवस, रोज काही तास, प्रशिक्षित परिचारिका घरी येते. मूलभूत आरोग्य विम्यात ही सेवा येते. ताशी थोडी रक्कम आपण भरायची. ती आईचे आणि बाळाचे तापमान घेते, बाळाचे वजन करते, टाके बघते, अंगावर पाजायला शिकवते, शिवाय कपडे धुते, न्हाणीघर पुसते आणि भेटायला आलेल्यांना चहाही देते. अडचण नसलेल्या प्रसूतीनंतर रुग्णालय काही तासांतच घरी पाठवते, ते या व्यवस्थेच्या भरवशावर. आमची मुलगी पहाटे जन्मली आणि दुपारी आम्ही घरी होतो.

यामागे घरच्या प्रसूतीची जुनी परंपरा आहे. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत या देशातली सुमारे दोन तृतीयांश बाळे घरीच जन्मत. आता ते प्रमाण बरेच खाली आले असले, तरी सरळ गरोदरपणाची जबाबदारी आजही सुईणीकडेच असते. पदवी घेतलेली, स्वतंत्र व्यवसाय करणारी सुईण. 'सुईण' हा शब्द आपल्याकडे मागासपणाचा होऊन बसला. इथे त्याची प्रतिष्ठा टिकली.

पहिल्याच दिवशी परिचारिकेने पोलादी बाटली मागितली. तिला 'क्राउक' म्हणतात. तिच्यात कढत पाणी भरायचे, उलटी धरून गळत नाही ना हे बघायचे, पिशवीत घालायची आणि बाळापासून हाताच्या रुंदीएवढ्या अंतरावर पाळण्यात ठेवायची. आई एकदम खुलली. "म्हणजे शेक! मग शेगडीला नाही का म्हणते ही?"

दुसरे साम्य खाण्यात निघाले. मूल झाले की डच घरात पाहुण्यांना गोल कडक टोस्टवर लोणी लावून, वर साखरेत घोळलेली बडीशेपेच्या जातीची बी पसरून देतात. या दाण्यांना 'माउशेस', म्हणजे उंदरांची पिल्ले, म्हणतात, कारण दाण्याला कधीकधी देठाची शेपटी असते. मुलगी झाली तर गुलाबी-पांढरे, मुलगा झाला तर निळे-पांढरे. या बियांनी आईला दूध येते, असा जुना समज. आपल्या बाळंतशोपेमागेही हाच समज आहे. आणि आई ज्या अळिवाचे लाडू वळत होती, ते अळीव डच लोक खिडकीत ओल्या कापसावर उगवून कोवळे कोंब पावावर घालून खातात. वनस्पती तीच. आपण बी खातो, ते कोंब खातात.

आधी नाव, मग बारसे

साम्ये इथे संपतात. डच कायद्याने जन्माची नोंद तीन दिवसांत नगरपालिकेत करावी लागते आणि त्याच वेळी नाव सांगावे लागते. आपल्याकडे बारा दिवस बाळ बिननावाचे असते. पाचवीला सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते आणि बाराव्या दिवशी आत्या कानात कुर्र करते. आमच्या मुलीचे नाव सटवाईच्या आधी नगरपालिकेने लिहिले. बाराव्या दिवशी माझ्या नणंदेने नागपुरातून व्हिडिओवर कुर्र केले खरे, पण ते जुन्याच नावाचे.

या देशात जन्मल्याने मूल डच होत नाही. आई-वडील भारतीय असतील, तर वर्षाच्या आत भारतीय दूतावासात जन्म नोंदवून त्याला भारतीय नागरिकत्व आणि पासपोर्ट घ्यावा लागतो. म्हणजे आमची मुलगी हेगमध्ये जन्मलेली परदेशी नागरिक. आजीची गत आणखी नाजूक. शेंगेन व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. आई प्रसूतीच्या दोन आठवडे आधी आली होती. हे गणित घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यात रोज चालू होते.

तीन 'र'

डच बालसंगोपनाचे सूत्र तीन शब्दांत सांगतात : रुस्त, राइनहाइट, रेखेलमात. म्हणजे विश्रांती, स्वच्छता, नियमितपणा. विसाव्या शतकाच्या आरंभी बालमृत्यू रोखण्याच्या चळवळीत ते रुजले. १९०१ साली प्लांतेंगा या डॉक्टरांनी हेगमध्येच पहिले बाल-सल्ला केंद्र काढले. तेव्हा खराब दुधाने बाळे दगावत. केंद्रात आयांना स्वच्छ दूध, वजन आणि वेळापत्रक शिकवले जाई. अशी केंद्रे आज देशभर आहेत. वजन, उंची, लसी हे सगळे तिथे मोफत होते आणि एका वहीत नोंदले जाते.

सारा हार्कनेस आणि चार्ल्स सुपर या अमेरिकन संशोधक जोडप्याने या सूत्राचा अभ्यास केला. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात डच आणि अमेरिकन बाळांची तुलना आहे. सहा महिन्यांची डच बाळे दिवसाला सुमारे १५ तास झोपत, अमेरिकन बाळे १३. अमेरिकन आया बाळाला उत्तेजन देण्यावर भर देत : बोलणे, स्पर्श, खेळणी. डच आया बाळाला शांत, ठरलेल्या वेळांत ठेवण्यावर. दोघींनाही आपलेच वागणे स्वाभाविक वाटे.

या दोघांनी आधीच, १९८६ साली, 'विकासाचा कोनाडा' अशी कल्पना मांडली होती. प्रत्येक बाळ तीन भिंतींच्या कोनाड्यात वाढते : भोवतालची जागा आणि माणसे, संगोपनाच्या रूढी, आणि सांभाळणाऱ्यांच्या मनातल्या समजुती. एकाच समाजात या तिन्ही सहसा एकमेकींना आधार देतात. स्थलांतरित घराची अडचण त्यातून नेमकी कळते. आमच्या समजुती पुण्याच्या, रूढी अर्ध्या-अर्ध्या आणि जागा हेगची.

उदाहरण धुरीचे. पाचव्या दिवशी आईने ओवा-वेखंडाची धुरी केली. आमच्या लहानशा घराच्या छतावरचा धूरसूचक कर्कश ओरडू लागला. २०२२च्या जुलैपासून इथे प्रत्येक घरात प्रत्येक मजल्यावर तो सक्तीचा आहे. आईच्या रूढीला लागणारी खोली, उघड्या खिडक्यांची आणि उंच छताची, इथे नव्हतीच.

मी दुभाषी होते

चौथ्या दिवशी बाळाचे वजन २,९०० ग्रॅमवरून २,६४० वर आले. पहिल्या दिवसांत सगळ्याच बाळांचे वजन उतरते. पण उतार दहा टक्क्यांच्या जवळ गेला की सावध व्हावे लागते. आमचा उतार नऊ टक्के होता. परिचारिकेने सुईणीला फोन केला आणि सांगितले : दर तीन तासांनी, झोपेतून उठवून पाजायचे.

आई म्हणाली, "झोपलेल्या बाळाला कुणी उठवतं का? तिला म्हणावं, आम्ही चार वाढवलीत. एक गुटी दिली की बघ कशी पिते."

परिचारिकेला आईचे इंग्रजी कळत नव्हते आणि आईला तिचे. मधे उंच खाटेवर मी. मी परिचारिकेला सांगितले, "आईला काळजी वाटते आहे." तिने आईकडे बघून विचारले, "रात्री बाळ कुठे झोपते? मोठ्यांच्या खाटेवर, गोधडीत नको." मी आईला सांगितले, "ती म्हणते, तू दमली असशील, रात्री आराम कर."

दोन दिवस मी असा गोड अनुवाद करत राहिले. दोघींचे भांडण होऊ नये, एवढाच हेतू. सहाव्या दिवशी पहाटे जाग आली, तर बाळ पाळण्यात नव्हते. शेजारच्या खोलीत आईच्या कुशीत, गोधडीत डोक्यापर्यंत गुरफटलेले. आई गाढ झोपली होती. बाळ ठीक होते, पण गोधडी दूर करेपर्यंतचे ते क्षण मी विसरलेले नाही. आईची चूक नव्हती. तिला कुणी सांगितलेच नव्हते.

त्या सकाळी मी दोघींना समोर बसवून सगळे शब्दशः सांगितले. बाळाला उताणे, मोकळ्या पाळण्यात का झोपवायचे, ते आईने नीट ऐकले. गुटीतल्या मधाविषयीही सांगितले : वर्षाआतल्या बाळाला मधातून बोट्युलिझमची विषबाधा होऊ शकते. काजळात शिसे असू शकते, हेही. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे पहिल्याच दिवशी सांगायचंस. मी काय अडाणी आहे?"

परिचारिकेने उलट एक गोष्ट मागितली : मालिश दाखवा. आई सतरंजीवर पाय पसरून बसली. परिचारिकेने खोली किती गरम आहे ते तपासले, बाकी काही बोलली नाही. त्या दिवशी वजन २,७१० होते. पंधराव्या दिवशी २,९३०.

गडचिरोलीची आठवण

हे सगळे युरोपीय श्रीमंतीचे लाड आहेत, असे वाटू शकते. पण बाळंतिणीच्या घरी जाऊन वजन आणि तापमान घेणारी प्रशिक्षित बाई ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले : तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. पुढे ही पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात आली. रुग्णालयात प्रसूती झाली, तरी आशा कार्यकर्तीने तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी जायचे असते.

बेचाळीस दिवस, म्हणजे आपला सव्वा महिनाच. आईला मी हे सांगितले. तिने पहिला प्रश्न विचारला तो आशाताईंना पगार किती मिळतो, हा. खाटेच्या ठोकळ्यांपासून तिच्या डोक्यात तोच विषय होता.

हातातले आणि वहीतले

दोन्ही पद्धती शेजारी ठेवल्यावर मला वाटते, फरक प्रेमाचा नाही की विज्ञान विरुद्ध अंधश्रद्धा असाही नाही. सकाळी दहाला मालिश, मग कढत पाणी, मग घट्ट गुंडाळून चार तास झोप. आईचा दिनक्रम कुठल्याही डच वेळापत्रकाइतका रेखीव होता. फरक ज्ञान कुठे ठेवले आहे, याचा आहे. डच ज्ञान वहीत आहे. ते तपासता येते, चुकले तर नव्या आवृत्तीत बदलता येते, आणि दार उघडणाऱ्या कुणालाही मिळते. आपले ज्ञान हातात आहे. ते बदलायला वेळ लागतो. आणि ते हात व्हिसा घेऊनच यावे लागतात, नव्वद दिवसांसाठी.

इथली प्रसूती रजा सोळा आठवड्यांची असते. माझे चार आधी गेले, बारा उरले. आई परत गेली तेव्हा मुलगी अकरा आठवड्यांची होती. पुढच्या आठवड्यात पाळणाघर सुरू झाले. सल्ला केंद्रातल्या बाईंनी बजावले होते, घरी तुमचीच भाषा बोला, डच ती इथे शिकेलच. पाळणाघराच्या अर्जात एक रकाना होता : बाळाला कशाने शांत वाटते? मी लिहिले, पोटावरून उजवीकडून डावीकडे हात फिरवला की, आणि 'जो जो' म्हटले की.

पहिल्या दिवशी घ्यायला गेले, तर एक उंच, सोनेरी केसांची मुलगी आमच्या लेकीच्या पोटावरून हात फिरवत होती. 'ज'चा उच्चार तिला जमत नव्हता; 'यो यो' म्हणत होती. हात मात्र बरोबर दिशेने फिरत होता. रात्री आईला फोनवर सांगितले. ती म्हणाली, "तेल लावलं होतं का तिनं?"