‘सेल्फ’ बदलण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्या

कार्यालयात निघण्याच्या घाईत किल्ली फिरवावी आणि इंजिनाऐवजी नुसता ‘खट्’ असा आवाज यावा, हा अनुभव अनेक वाहनधारकांना येतो. ‘सेल्फ गेला’ असे निदान होते आणि हजारो रुपये मोजून नवा स्टार्टर बसविला जातो. मात्र दोष बॅटरीत, तिच्या गंजलेल्या टर्मिनलमध्ये किंवा सैल अर्थिंगमध्येही असू शकतो. स्टार्टर सदोष असला तरी तो बहुधा दुरुस्त होण्याजोगा असतो.

चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅकच्या १९१२ च्या मोटारींत आला आणि हँडल मारण्याचे कष्ट संपू लागले. तत्त्व आजही तेच आहे. किल्ली फिरवताच सोलेनॉइड छोटे दातेरी चक्र, म्हणजे पिनियन, फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकवतो आणि मोटरला वीजप्रवाह पुरवतो.

म्हणून तपासणीची सुरुवात बॅटरीपासून करावी. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना हा आकडा साधारण ९.६ च्या खाली घसरला, तर आधी बॅटरीची स्वतंत्र चाचणी घ्यावी. लागोपाठ ‘खटखट’ आवाज येणे हेदेखील अशक्त बॅटरीचे लक्षण आहे. मोटर फिरते पण इंजिन फिरत नाही, अशा वेळी पिनियनच्या क्लचवर संशय घ्यावा.

स्टार्टर उतरवण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढणे अत्यावश्यक आहे. मोटर उघडल्यावर झिजलेले कार्बन ब्रश आणि बुश बदलले जातात, तर काळवंडलेला कम्युटेटर बारीक काचपेपरने साफ केला जातो. एमरी पेपर वापरू नये. त्याचे वीजवाहक कण पट्ट्यांमध्ये अडकून शॉर्ट होऊ शकतो. क्लच रॉकेलमध्ये बुडवल्यास आतील ग्रीस धुऊन जाते. आर्मेचरमधील शॉर्ट ‘ग्रोलर’ या उपकरणावर कळतो.

जोडणीनंतर स्टार्टर शिकंजात घट्ट पकडून काही सेकंद बिनभाराचा चालवतात. प्रवाह जास्त आणि वेग कमी आढळल्यास आत घर्षण किंवा शॉर्ट आहे, असे समजावे.

ग्राहकाने ही चाचणी समोर करून घ्यावी आणि बदललेले भाग मागून घ्यावेत. दुरुस्तीनंतरही सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये. दोन प्रयत्नांमध्ये अर्धा मिनिट थांबावे. तापलेली मोटर जळाली, तर मात्र खर्च अटळ ठरतो.