उन्हानं अंग तापतं, वॉर्म-अप होत नाही

व्हॉलीबॉलचा सराव म्हटला की मैदानाला पाच फेऱ्या आणि मग रांगेत उभं राहून हातपाय ताणणं, हे ठरलेलं. अंबडसारख्या गावात त्याला आणखी एक समजूत चिकटते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, अंग आधीच तापलेलं असतं, मग वॉर्म-अप हवाच कशाला?

उन्हानं तापते ती मुख्यतः कातडी. स्नायू आतून गरम होतात ते काम केल्यावर. शिवाय उडी मारून खाली येताना घोटा आणि गुडघा सावरायची सवय हालचालीतूनच जागी होते. उन्हाळ्यात बदलायचं ते एवढंच: सराव सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, वॉर्म-अप थोडक्यात, आणि पाणी हाताशी.

‘आधी भरपूर ताणून घ्या’ हा सल्लाही अर्धाच खरा. एकच स्नायू मिनिटभराहून जास्त वेळ ताणून धरला, तर लगेचच्या उडीची ताकद किंचित कमी होते, असं अभ्यासांत दिसलं आहे. ताण थोडा वेळच दिला, तर फरक नगण्य. म्हणून आधी पाय झुलवणं, लंजेस, खांदे फिरवणं. ताणून धरणं सरावानंतर.

सगळ्यात हट्टी गैरसमज मात्र ‘वॉर्म-अपला खेळ म्हणजे टाइमपास’ हा. व्हॉलीबॉलमधली रॅली बहुतेक वेळा काही सेकंदांत संपते. तेवढ्यात झेप, वळण, उडी, थांबणं सगळं येतं. यातलं फेऱ्यांत काय असतं? विषामृत या शिवाशिवीच्या खेळात मात्र जवळजवळ सगळं असतं. अर्ध्या कोर्टाचा ९ बाय ९ मीटरचा चौकोन घ्या, त्यात दहा-बारा मुलं आणि दोघांवर राज्य. राज्यवाल्यानं शिवलं की ‘विष’. ‘विष’ मिळालेल्यानं गुडघे वाकवून जागीच थांबायचं. सोबत्यानं अलगद चेंडू टाकायचा, त्यानं अंडरआर्म पासनं तो परत द्यायचा, पास नीट गेला की ‘अमृत’. सुटायचं तर पास जमलाच पाहिजे, त्यामुळे कौशल्यही घासून निघतं. दोन-दोन मिनिटांनी राज्य बदला. चेंडू दोन-तीनच ठेवा, जास्त झाले की पायाखाली येतात. जमिनीला भेगा पडल्या असतील तर आधी त्या माती टाकून बुजवा. काळ्या मातीच्या मैदानावर हे विसरून चालत नाही.

‘बाद झाला की बाहेर बस’ हा नियम इथं नको. पहिल्यांदा बाद होतो तो बहुधा सगळ्यात मंद मुलगा. नेमकी ज्याला हालचाल हवी, तोच बसून राहतो.

आल्याआल्या नेटवर स्मॅश मारणं हाही वॉर्म-अप नव्हे. चेंडू २६० ते २८० ग्रॅमचाच असतो, पण हात पूर्ण वेगानं फिरतो आणि थांबतो, तो ताण खांदा सोसतो. आधी जोडीनं फेकाफेक, मग पास, मग हलके फटके. पूर्ण जोराचा स्मॅश शेवटी.

सर, मॅडम, उद्याच्या सरावात फेऱ्यांऐवजी दहा मिनिटं विषामृत खेळवून पाहा.