‘मोठा झाला की बघू’ म्हणजे कधी?

माझा भाचा चार वर्षांचा आहे, दोन्ही कानांना मशीन. ताई त्याला जवळच्या नर्सरीत घेऊन गेली, तर उत्तर आलं, "थोडा मोठा झाला की बघू." म्हणून आजचा एपिसोड.

2016 चा दिव्यांग हक्क कायदा 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देतो, पण वय 6 ते 18. भाषेचा पाया तर त्याआधीच पडतो ना!

मग तीन ते सहाचं काय? अंगणवाडी. 2023 मध्ये केंद्राने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल आणला: लक्षणं लवकर ओळखा, इतर मुलांत सामील करा, गरज पडली तर आरोग्य पथकाकडे पाठवा. हे आरबीएसके पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला यायला हवं.

भाचा आता तिथेच जातो. सेविकाताई त्याला पुढे बसवतात, त्याच्याकडे तोंड करून बोलतात, चित्रं दाखवतात. खर्च शून्य. आणि चित्रांमुळे बाकीची पोरंही रमतात.

तुमच्या गल्लीत असं लेकरू असेल, तर अंगणवाडीत जाऊन पुढच्या तपासणीची तारीख विचारा. सहाव्या वाढदिवसाची वाट नका बघू. भेटूच!